चित्रकथेतली शिवी: संपादकाची कात्री भलत्याच जागी चालते

मुलांसाठीच्या मराठी चित्रकथेचा मजकूर तपासायला बसलेला माणूस सगळ्यात आधी 'च्यायला' शोधतो. सापडला की खोडतो आणि तिथे 'अरेच्चा' लिहितो. 'मेल्या'चा 'अरे मित्रा' होतो. 'तुझं तळपट होवो' या वाक्याच्या जागी 'हे तू बरे केले नाहीस' येते. मजकूर स्वच्छ झाला असे समजून पान पुढे सरकते. त्याच पानावर 'जाड्या', 'टकल्या', 'चष्मिस', 'बुटक्या', 'काळू' आणि एखादे तोतरे बोलणारे गमतीदार पात्र सुखाने नांदत असते. त्यावर कुणी लाल शाई फिरवत नाही.

'च्यायला'ने वर्गातल्या एकाही मुलाला काही होत नाही. 'जाड्या'ने मात्र एका ठरावीक मुलाला रोज मधल्या सुट्टीत होते, आणि ते कुणाला हे अख्ख्या वर्गाला ठाऊक असते. आमचे म्हणणे सरळ आहे. मुलांच्या चित्रकथेत राग हवा, म्हणून शिवीही हवी. ती नव्याने घडवलेली हवी. आणि घडवताना एक अट कडक पाळावी: शिवी देणाऱ्याच्या धंद्यातून, छंदातून, घरातून यावी, घेणाऱ्याच्या जातीतून, शरीरातून किंवा आईबहिणीवरून येऊ नये.

राग का हवा? चित्रकथेच्या पात्राला आवाज नसतो. चेहरा चार-पाच रेघांचा असतो, आणि त्या रेघा पानोपानी जवळजवळ तशाच राहतात. पात्राचा स्वभाव ओळखू येतो तो संवादाच्या फुग्यातल्या दोन-तीन शब्दांवरून. सगळी पात्रे एकाच प्रमाण, सभ्य मराठीत बोलू लागली की फुग्याची शेपटी झाकली तर कोण बोलतो आहे ते सांगता येत नाही. लेखकाने ही परीक्षा स्वतः घ्यावी. चित्रे झाकून फक्त संवाद वाचावेत. माणसे वेगळी काढता आली नाहीत, तर कथेत पात्रे नाहीत, नुसती नावे आहेत.

घडवलेल्या शिवीचे सर्वांत अभ्यासण्यासारखे उदाहरण बेल्जियमचे आहे. चित्रकथाकार हर्जे याच्या टिनटिन मालिकेत कॅप्टन हॅडॉक आला तो 1940-41 मध्ये. दारुडा, तापट दर्यावर्दी. त्याने शिव्या दिल्या नाहीत तर तो खोटा वाटणार. पण वाचक मुले होती. हर्जेला आठवण होती 1933 सालची. इटली, ब्रिटन, फ्रान्स आणि जर्मनी यांच्यात चतुःसत्ता करार झाला त्या सुमारास भांडणाऱ्या एका विक्रेत्याने समोरच्याला 'चतुःसत्ता करार कुठला!' अशा अर्थाची शिवी घातली होती. करार हा शब्द निरुपद्रवी, पण तो फेकला शिवीसारखा आणि लागलाही शिवीसारखा. हॅडॉकची सगळी शिवीगाळ या एका निरीक्षणावर उभी आहे. तो 'एक्टोप्लाझम' म्हणतो, 'वॉफलचा साचा' म्हणतो, वाक्यरचनेतल्या एका दोषाचे जडजंबाल नाव एखाद्याच्या तोंडावर मारतो. मुलांना अर्थ कळत नाही, राग मात्र पुरेपूर कळतो.

या कारागिरीत एक गोष्ट सहसा नजरेतून सुटते. हॅडॉकच्या तोंडी दोन वेगळे साठे आहेत. एक ठरलेल्या उद्गारांचा: तोफांच्या हजारो झरोक्यांची शपथ आणि ब्रेस्ट बंदराच्या गडगडाटाची शपथ. हे जवळजवळ बदलत नाहीत. दुसरा साठा अपमानांचा, आणि तो सारखा बदलतो. पहिल्याने ओळख पटते, दुसऱ्याने उत्सुकता टिकते. नुसता ठरलेला उद्गार ठेवला तर तिसऱ्या कथेत मुले कंटाळतात. नुसते नवे अपमान ठेवले तर पात्र लक्षात राहत नाही. मराठीत नवी पात्रे घडवणाऱ्यांनी एवढे जरी उचलले तरी पुष्कळ होईल.

हॅडॉककडून न घेण्यासारखेही काही आहे. त्याच यादीत 'झुलू', 'पापुआन' अशी जिवंत लोकसमूहांची नावे शिवी म्हणून येतात. वॉफलच्या साच्याला आईवडील नाहीत, त्याला वाईट वाटत नाही. झुलू माणसाला वाटते. एकाच लेखकाने, एकाच पात्राच्या तोंडी घातलेल्या शब्दांपैकी काही टिकले आणि काही आज वाचवत नाहीत, यामागे एवढेच कारण आहे. मराठीत हा धोका कितीतरी मोठा आहे, कारण आपल्या बोलीतल्या जुन्या शिव्यांत जातींची आणि धंद्यांची नावे खचाखच भरलेली आहेत. त्यातली एखादी 'गावरान गंमत' म्हणून मुलांच्या पानावर आली तर ती गंमत राहत नाही.

अमेरिकी वृत्तपत्रांनी दुसरी वाट धरली: शिवीच्या जागी चांदण्या, भोवरे, कवट्या, हॅश. 'बीटल बेली' या चित्रपट्टीचा चित्रकार मॉर्ट वॉकर याने अशा खुणांना गमतीने 'ग्रॉलिक्स' असे नावही दिले. 1954 मध्ये तिथल्या कॉमिक्स प्रकाशकांनी स्वतःवर आचारसंहिता लादून घेतली. तिने शिव्या तर बंद केल्याच, शिवाय बोलीतले शब्द फार वापरू नका आणि शक्य तिथे व्याकरणशुद्ध लिहा असेही बजावले. आपल्याकडे याच वाटेला 'फुल्या' म्हणतात, आणि फुल्या छापणे मुलांच्या पानावर सभ्य समजले जाते. ते तसे नाही. तीन फुल्या दिसल्या की वाचणारे मूल मनातल्या मनात त्या जागा भरते, आणि त्याला येत असलेल्या सर्वांत खऱ्या शिवीने भरते. फुलीमुळे शिवी पानावरून जाते आणि वाचकाच्या तोंडात बसते. हाताने काढलेला भोवरा किंवा वीज त्यापेक्षा बरी. तिला अक्षरसंख्या नसते, त्यामुळे कोडे सोडवल्यासारखा शब्द शोधला जात नाही. तरीही हे सगळे गप्प बसवण्याचे मार्ग आहेत. त्यातून पात्र उभे राहत नाही.

मराठीचे खरे भांडवल वेगळेच आहे. आपल्याकडे शिवी शब्दात कमी आणि साच्यात जास्त असते. साचा तसाच ठेवून आतला शब्द बदलला तरी शिवीचा जोर कायम राहतो. सर्वांत स्वच्छ साचा 'कुठला'चा. 'मूर्ख कुठला' आपण रोज म्हणतो. तिथे 'अपूर्णांक कुठला!' ठेवून पाहा, किंवा 'लसावि कुठला!'. पाचवी-सहावीच्या मुलाला यातला अपमान समजावून सांगावा लागत नाही. दुसरा साचा संबोधनाचा. मराठीत जवळजवळ कुठलेही नाम संबोधनात आणून जोरात उच्चारले की अपमान होतो: गळक्या वायसरा! सही-शिक्का नसलेल्या दाखल्या! पाक चुकलेल्या लाडवा! तिसरा शापाचा. 'तुझ्या अमक्याचे तमके होवो' हे गावोगावच्या बायकांनी पिढ्यान्‌पिढ्या जपलेले वाङ्मय आहे. त्यातले मरण आणि रोगराई काढून टाकली तरी तालाला धक्का लागत नाही. चौथा साचा '-च्या'चा, 'लेकाच्या'सारखा. तो जपून वापरावा, कारण त्यामागे आईवरून दिलेल्या शिव्यांची सावली आहे आणि ती ऐकणाऱ्याला जाणवते.

एखादे पात्र घडवून पाहू. कोळीवाड्यातला तांडेल, म्हणजे होडीचा प्रमुख. वय साठ, आवाज मोठा, माया त्याहून मोठी. त्याच्या शिव्या कुठून येणार? दिवसभर त्याच्या हाताखालून जे जाते त्यातून: वल्हे, शीड, सुकाणू, नांगर, जाळे, बर्फ, मासळी. आधी या शब्दांची यादी करायची, निदान साठ-सत्तर शब्दांची. मग प्रत्येक शब्दाला त्या धंद्यात काय बिघडते ते विचारायचे. वल्ह्याला वाळवी लागते, शिडावर शेवाळ चढते, गलबत गाळात रुतते, बर्फ वितळून मासळी सडते. शिवी बिघाडातून जन्मते. नुसते 'वल्ह्या!' म्हणून काही होत नाही. 'वाळवी लागलेल्या वल्ह्या!' म्हटले की माणूस उभा राहतो. 'गाळात रुतलेल्या गलबता!' हे आळशी पुतण्यासाठी. 'सुकाणू तुटलेल्या मचव्या!' हे मत बदलत राहणाऱ्या सरपंचासाठी. आणि तांडेल खराच दुखावला असेल तर शाप: 'तुझ्या बर्फाचं पाणी होवो!' मासेमारीत ही केवढी मोठी आपत्ती आहे हे मुलाला इथे पहिल्यांदा कळते, आणि तेही भूगोलाच्या धड्याशिवाय.

आता त्याचा ठरलेला उद्गार. इंग्रजी अनुवादक लेस्ली लॉन्सडेल-कूपर आणि मायकेल टर्नर यांनी हॅडॉकच्या फ्रेंच शपथांचे शब्द सोडून दिले, फक्त आकडा आणि गडगडाट ठेवला, आणि 'ब' व 'थ' या अक्षरांच्या माळा ओवल्या: 'ब्लू ब्लिस्टरिंग बार्नकल्स', 'थाउजंड थंडरिंग टायफून्स'. आपल्याकडे त्यांच्या त्या माळांचे शब्दशः मराठी केले जाते, म्हणजे नकलेची नक्कल, आणि मग 'निळ्या फोडांचे शिंपले' असले काहीतरी कानाला टोचते. त्यांची पद्धत घ्यावी, शब्द त्यांच्याकडेच राहू द्यावेत. मराठीला स्वतःचे फुगलेले आकडे आहेत: छप्पन्न, सतराशे साठ. अनुप्रास तर ओवीपासून रक्तात आहे. 'सतराशे साठ सडक्या सुरमया!' मोठ्याने म्हणून पाहा. नऊ ठोके, एक श्वास, चार 'स'. तोंडात बसते. 'दहा हजार कुजलेले मासे' तोंडात बसत नाही, कारण त्यात ना ताल, ना अक्षरांची ओढ.

कठोरपणा हवा असेल तर ट, ठ, ड, ढ, भ, झ ही अक्षरे कामाला येतात. 'टोणग्या', 'ठोंब्या', 'धटिंगणा' हे शब्द अर्थ कळण्याआधीच लागतात. मऊ शिवी हवी असेल तर ल, म, व. पात्र जितके प्रेमळ, तितकी त्याची शिवी मऊ अक्षरांकडे झुकवावी. वाचणाऱ्याला ते न सांगता कळते. आजीच्या तोंडी 'विरजण न लागलेल्या दुधा!' शोभते. नळदुरुस्तीवाल्याच्या तोंडी 'आटे गेलेल्या नटा!' हवे. दोघांची अदलाबदल केली तर दोघेही मोडतात. आणि हा साठा मुलींना, बायांनाही हवा. आपल्या चित्रकथांत रागावण्याचा हक्क बहुतेक पुरुष पात्रांनाच असतो. आई डोळे वटारते, ताई रडते. ज्या समाजात बायकांच्या शापांना पुरुष घाबरत, तिथे हे चित्र निव्वळ खोटे आहे.

फसते कुठे ते पाहणे गरजेचे आहे, कारण घडवलेली शिवी निरुपद्रवी असेलच असे नाही. पहिला धोका आडनावांचा. मराठी आडनावे जगातल्या हरएक वस्तूवरून आली आहेत: भोपळे, उंदरे, डुकरे, लांडगे, दगडे, गाढवे, ढमढेरे. लोकप्रिय पात्राने 'भोपळ्या!' ही शिवी रूढ केली तर त्या आडनावाच्या मुलाची शाळेतली पुढची दोन-तीन वर्षे कठीण जातात. म्हणून एकेरी नामापेक्षा विशेषण जोडलेली शिवी बरी: 'आटे गेलेल्या नटा' हे कुणाचे आडनाव होऊ शकत नाही. दुसरा धोका शास्त्रीय शब्दांचा. व्याकरण ही शिव्यांची खाण आहे, 'तत्पुरुष कुठला!' झकास आहे. पण त्याच पुस्तकात 'नपुंसकलिंग' आहे आणि तो शब्द शिवी म्हणून वापरताच खऱ्या माणसांवर जाऊन आदळतो. वैद्यकातल्या शब्दांचेही तसेच. आजाराचे नाव जडजंबाल असले तरी तो आजार कुणाला तरी झालेला असतो. तिसरा धोका बोलींचा. पुण्यात निरागस वाटणारा घडीव शब्द मालवणात, नागपुरात, पणजीत किंवा बेळगावात भलताच अर्थ घेऊ शकतो. छापण्याआधी यादी या चारही बाजूंच्या वाचकांकडून मोठ्याने वाचून घ्यावी. नुसती डोळ्यांनी वाचून ही चूक सापडत नाही.

अजिबात अर्थ नसलेले शब्द वापरावेत का? ब्रिटनच्या '2000 एडी' या 1977 साली सुरू झालेल्या चित्रकथा-साप्ताहिकात जज ड्रेड या पात्राच्या जगातली माणसे 'ड्रॉक' म्हणतात आणि देवाऐवजी 'ग्रड'चे नाव घेतात. तिथे ते चालले, कारण कथा भविष्यातल्या एका शहराची आहे आणि प्रत्येक शब्द इंग्रजी शिवीच्या नेमक्या जागी, त्याच वळणाने बसतो. चाळीतल्या किंवा वाडीतल्या कथेत असा शब्द उपरा वाटतो. शिवाय निरर्थक शब्द घडवताना परक्या भाषेची थट्टा करणारे आवाज सहज निसटून येतात. ते लक्षात येताच खोडावेत. मराठीत निरर्थकाचा उत्तम नमुना भा. रा. भागवतांनी दिला आहे: फास्टर फेणेचे 'ट्टॉक'. शब्दाच्या सुरुवातीला 'ट' दुप्पट करणे मराठीच्या स्वभावात नाही, म्हणून डोळा तिथे अडखळतो, आणि जिभेने तसा आवाज काढून पाहिल्याशिवाय मूल पुढे जात नाही. एका अक्षराच्या द्वित्वाने हे साधले आहे.

'ट्टॉक' खरे तर शिवी नव्हे, पालुपद आहे, आणि पालुपदाची कसोटी वेगळी. ते निदान तीन प्रसंगांत चालले पाहिजे: आनंदात, भीतीत आणि पेचातून सुटताना. एकाच भावनेला चिकटलेले पालुपद लवकर विटते. त्याची जागाही महत्त्वाची. 'चांदोबा'तल्या वेताळाची धमकी, डोक्याची शंभर शकले होण्याची, दर अंकात गोष्टीच्या त्याच वळणावर यायची; वाचक तिची वाट पाहायचा. प्राण यांच्या चाचा चौधरीत पालुपद पात्राच्या तोंडी नसून निवेदकाच्या चौकटीत आहे: चाचांचा मेंदू संगणकाहून जलद चालतो, साबूला राग आला की कुठेतरी ज्वालामुखी फुटतो. आपल्या लेखकांनी हा मार्ग फारसा चोखाळलेला नाही. चोवीस पानांच्या कथेत ठरलेला उद्गार चार-पाचदा पुरे. शिव्यांची पूर्ण सरबत्ती एकदाच, आणि तीही अशा जागी की पुढच्या चौकटीत ज्याला शिव्या बसल्या त्याचा चेहरा दाखवता येईल. तीन-चार चौकटींच्या रोजच्या पट्टीत सरबत्तीला जागाच नसते. तिथे एक जोडशब्द ठेवावा आणि थांबावे.

दोन आक्षेप गंभीर आहेत. पालक म्हणतात, मुले हे उचलतील. उचलतीलच, आणि उचलावेत अशीच आमची इच्छा आहे. मुले खऱ्या शिव्या मैदानावर, बसमध्ये, मोबाइलवर शिकतातच. त्यांच्याकडे रागाला दुसरा शब्दच नसतो ही खरी अडचण आहे. 'गाळात रुतलेल्या गलबता' म्हणणाऱ्या मुलाने राग काढला, कुणाची आई काढली नाही, कुणाचे वजन काढले नाही. दुसरा आक्षेप साहित्यातल्या जाणत्यांचा: खरी भाषा झाकणे हीसुद्धा एक सेन्सॉरशिप आहे. प्रौढांच्या साहित्याबाबत ते बरोबर आहे. नामदेव ढसाळांच्या 'गोलपिठा'ने 1972 मध्ये जी भाषा कवितेत आणली तिच्या जागी सौम्य शब्द ठेवणे म्हणजे त्या जगण्यालाच नाकारणे. मोठ्यांसाठी चित्र-कादंबरी लिहिणाऱ्याने खरी शिवी खऱ्यासारखी लिहावी, फुल्याही नकोत. आमचे म्हणणे दहा-बारा वर्षांच्या वाचकापुरते आहे, आणि तिथेही ते झाकण्याचे नाही, नवे घडवण्याचे आहे.

आणि मग छपाईची बाजू, जिच्यापायी चांगली शिवी सर्वाधिक वेळा मरते. देवनागरीला वर वेलांट्या, रफार, अनुस्वार आणि खाली उकार लागतात. ओळींमध्ये रोमनपेक्षा जास्त मोकळी जागा सोडावी लागते. रोमन मोठ्या अक्षरांच्या चार ओळींसाठी काढलेल्या फुग्यात वाचता येईल अशा आकाराच्या देवनागरीच्या साधारण तीनच ओळी बसतात. मग अक्षरे बारीक केली जातात, किंवा शेवटच्या घटकेला 'वाळवी लागलेल्या' हे दोन शब्द कापून नुसते 'वल्ह्या!' उरते. ओरडणे दाखवायला आपल्याकडे कॅपिटल अक्षरेही नाहीत. त्याऐवजी जाड टाक, वाढत जाणारा आकार आणि अवग्रह ही साधने आहेत: 'अरेऽऽ गलबताऽऽ!' अवग्रह दोनच्या वर नेऊ नये; तीन झाले की ओळ कोलमडते आणि आवाजही वाढत नाही. शिरोरेखा थरथरती काढली तर राग तिच्यातूनही दिसतो. ही सोय रोमन लिपीकडे नाही आणि आपले अक्षरलेखक ती क्वचितच वापरतात, कारण मजकूर संगणकावरच्या एकाच ठरीव टंकात ओतला जातो.

म्हणून प्रकाशकांकडे आमच्या मागण्या फार मोठ्या नाहीत. मराठी लेखकाला किंवा अनुवादकाला फुगे रिकामे असलेली मूळ चित्रे आधी मिळावीत. फुग्याचा आकार बदलण्याची मुभा करारात लिहिलेली असावी. शिवीची सरबत्ती असलेल्या चौकटींची अक्षरे हाताने काढून घ्यावीत आणि त्याचे वेगळे पैसे द्यावेत. प्रत्येक पात्राची शब्दयादी संपादकाकडे जपून ठेवावी, म्हणजे लेखक बदलला तरी तांडेल अचानक प्राध्यापकासारखा बोलू लागणार नाही. आणि शब्द घडवणाऱ्याचे नाव चित्रकाराच्या नावाशेजारी, त्याच आकारात, पहिल्या पानावर छापावे.